अलीकडचा काठ

बाबा, चांदण्यात तळ्याचा अलीकडचा काठ किती काळा असतो? मला अजून सांगता येत नाही. आपल्या घरातली पहिली पदवी माझी, तीही चित्रकलेची, तरी येत नाही. विचारायला तुम्ही नाहीत, म्हणून न पाठवायच्या कागदावर विचारते आहे. नाटकासाठी तुम्ही रंगवलेल्या शेवटच्या पडद्यात पलीकडचे डोंगर धुरकट आहेत, पाण्यावर मऊ उजेड आहे, आणि काठ यायचा होता तिथे कोरं कापड. त्यावर तुमचा निळा पंजा. तो टेकून तुम्ही उठलात, दवाखान्यात गेलात, आणि परत आला नाहीत.

मी चौथीत होते. ओसरीवर पडदा पसरलेला आहे, आणि मी डब्यातला पांढरा तसाच उचलून पाण्यावर फासते आहे. तुम्ही ओरडता, "हे चांदणं होय का? चुन्यानं घर पोतून रायली का तू?" मग हसून त्यात चिमूटभर नीळ कालवता. "दूरचं पयले, फिकं. जवरचं मंग, गडद. अन् ओल्या रंगावर भरोसा नोको ठेवू, सुकू दे." सरसाच्या गोंदात कालवलेला रंग ओला असताना गडद पण पातळ दिसतो, सुकला की फिका आणि दाट, हे मला तेव्हा कळलं.

यंदा दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात तळ्याचा सीन आहे. नाटक कंपनीचे मालक तुमचा तो पडदा मागायला घरी आले. "पूरा करून दे बाई, नाही तर फ्लेक्स लावतो." मी तावातावानं म्हटलं, फ्लेक्सच्या चांदण्यात लांबवरचं काही लांब वाटत नाही. ते गेल्यावर पडदा उलगडला आणि हात थांबला. काठ काढायचा तर पंजा झाकावा लागणार. इतकी वर्षं मी त्यावर माझा हात ठेवून पाहत आले. आता तो बरोबर मावतो.

आई म्हणाली, "हात टेकला होता त्यायनं, फोटो नाही काढला. नाटकाचा पडदा होय तो. कवापर्यंत गुंडाळून ठेवशीन?" आणि तिनंच कापडाचं टोक ताणून धरलं. तोंड मात्र भिंतीकडे होतं.

काल काठ रंगवला. रंग ओला होता तोवर पंजा खालून दिसत होता. आई आत गेली, मी तिथेच बसून राहिले. दुपारी कापड सुकलं आणि तो दिसेनासा झाला. काठ जरा फिका राहिलाय, बाबा. आणखी एकदा रंग फिरवायला हवा होता, हे मला कळत होतं. मी तसाच पडदा गुंडाळला आणि देऊन आले.