कॉसमॉसच्या वाफ्याकडेची पेटी

२ फेब्रु., सोमवार
पेटी उघडली. पाच चौकटी भरलेल्या. राणी दिसली नाही, पण ताजी अंडी आहेत, म्हणजे आहे आत. ह्यांनी आणलेल्या तीन मधपेट्यांतली ही शेवटची. हे गेल्यावर चार महिन्यांतच दोन रिकाम्या झाल्या. ही एक टिकावी. दुसरं काही मागत नाही.
झेंडूवर एकसुद्धा माशी नाही. दुकानात पाकिटावरचा भरगच्च गोंडा बघून मीच भुलले. आत पाकळ्याच पाकळ्या, माशी जाणार कुठून? कॉसमॉस मात्र गजबजलाय. साधी, आठ पाकळ्यांची फुलं.

६ फेब्रु., शुक्रवार
कमलने तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडल्या. माश्यांसाठी राहू दे म्हणून इतक्या दिवसांत दहा वेळा तरी सांगितलं असेल. "आक्का, मंजिऱ्या ठिवल्या तर तुळस वाळती. आत्याबाई असत्या तर दोघींना बोलल्या असत्या." धाकटी जाऊ, सासूबाईंच्याच वळणाची; मनाने लोणी, पण हात थांबत नाहीत.
शाळेतली सिस्टर बर्नडेट आठवली. कॉसमॉस लावायला शिकले ती तिच्याकडूनच. फूल तोडायला गेलं की म्हणायची, थांब, तिथे कुणाची तरी न्याहारी चाललीय. तेव्हा आम्ही मुली हसायचो. पन्नास वर्षं होत आली.
कोथिंबीर आणि शेपू फुलायला तसेच सोडले. निदान ते कुणी खुडणार नाही.

१४ फेब्रु., शनिवार
डाळिंब फुलावर आलंय. भाऊजी म्हणाले, फुलकिडे पडलेत, फवारायलाच पाहिजे. मी म्हटलं, ऊन उतरल्यावर मारा, माश्या तोवर घरी येतात.
"वैनी, फवारायचा ट्रॅक्टर-ब्लोअर आपला आसता तर तुमी म्हनाल तवा मारला आसता. भाड्याचा हाय. तो येईल ती आपली वेळ." मग हसून, "तुमच्या माश्यांना सांगा, बुधवारी सुट्टी."
मंगळवारी अंधार पडताना सगळ्या आत आल्या की दार जाळीने बंद करायचं, बुधवारी फवारणी झाल्यावर संध्याकाळी उघडायचं. हे असंच करायचे.

१८ फेब्रु., बुधवार
लिहवत नाही. तरी लिहिते.
काल दार बंद केलं. सकाळी ब्लोअर नाही. दहाला भाऊजींचा बारामतीहून फोन, ट्रॅक्टर इंदापूरकडे अडकलाय, आज येत नाही. पेटीतून नुसता घोंघाट. लाकूड हाताला तापलेलं. ओलं पोतं टाकलं, उपयोग नाही. गुदमरतील म्हणून साडेअकराला दार उघडलं. भळाभळा बाहेर आल्या. किती बरं वाटलं मला.
साडेतीनला बागेच्या वाटेवर ट्रॅक्टरचा आवाज.
पळत गेले. ड्रायव्हर म्हणाला, "काकी, तोंडाला पदर लावा, बाजूला व्हा. मालकांनी उरकून टाक म्हनलंय." मी ओरडत राहिले. ब्लोअरच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार. वारा आमच्याच बाजूला वाहत होता. धुकं कॉसमॉसवर उतरलं.

१९ फेब्रु., गुरुवार
पेटीपुढे पडलेल्या. पाठीवर, जीभ बाहेर, काही अजून गरागरा फिरताहेत.
भाऊजी खाली मान घालून उभे. "ट्रॅक्टरवाला इकडं माघारी फिरला, मला फोन आला, मी बरं म्हनलो. तुमाला सांगायचं ऱ्हाऊन गेलं." त्यांना काय बोलू? दार तर मीच उघडलं.
आणि फुलं? तीही मीच लावली, बागेच्या अगदी कडेला. पाणी तिथे मिळत होतं म्हणून. नसती लावली तर माश्या कॅनॉलकडच्या रानफुलांवर गेल्या असत्या. एवढं जवळ ताट मीच वाढलं.
कमल झाडू-सुपली घेऊन आली. "मुंग्या लागतील, आक्का." तिने झाडलं. मी बघितलं नाही.

२४ फेब्रु., मंगळवार
उघडून पाहिली. दीड चौकट. अंडी नाहीत. राणी... नाही दिसली. ह्यांना पेट्या देणाऱ्या खैऱ्यांना फोन केला. "आठ दिवस हात लावू नका. कोवळी पिल्लं उरली असतील तर नवी राणी करतील."
नसतील तर, हे मी विचारलं नाही.
ह्यांच्या फोटोसमोर दिवा लावताना वर बघवेना.

४ मार्च, बुधवार
उद्या दुसरी फवारणी. विळा घेऊन बागेच्या बाजूचा अर्धा वाफा कापला. सगळा कापला तर उरलेल्या खाणार काय, नाही कापला तर तिथेच मरणार. अर्ध्यावर हात थांबला. कापलेली फुलं तशीच पडलीत, टाकवत नाहीत.
दुपारी भाऊजी आले. "वैनी, उद्या मी सोता बांधावर उभा ऱ्हातो. तुमी हो म्हनल्याबिगर त्याला आत सोडत न्हाय." बरं म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. विश्वास ठेवावासा वाटतो, पण बसत नाही.
पेटी आज उघडायची होती. धीर झाला नाही.
सहापासून पेटीपुढे स्टूल टाकून बसलेय, तिथेच हे लिहितेय. परत आलेल्या मोजल्या, एकोणीस. शेवटच्या एकीच्या पायाला पिवळा पराग होता. पराग लागतो तो पिल्लांना; राणी नसली तरी आणतात का, खैऱ्यांना विचारायला हवं.
अक्षर दिसेनासं झालं. जाळी हातात आहे. अजून लावली नाही. एखादी बाहेर असली तर.