रोलवरचे डोळे

१४ जानेवारी, मंगळवार

पुन्हा डोळे! सकाळचा अख्खा रोल गेला.

दिव्याच्या टेबलावर पसरला, तर काळ्याभोर थरात बारीक गोल खळगे, आणि प्रत्येकातून खालचा उजेड डोकावतोय. माशाचे डोळे म्हणतो आम्ही त्यांना. पारदर्शक पडद्यावर प्लॅटिनमची काळी शाई चढवायची आणि वाळवायची — एवढंच तर माझं काम. लॅबवाल्यांच्या भाषेत पडदा म्हणजे इलेक्ट्रोलाइट, शाई म्हणजे इलेक्ट्रोड. माझ्या भाषेत पडदा आणि शाई. यातून बस चालवणारे हायड्रोजनचे सेल बनतात. जिथे डोळा, तिथे सेल आधी मरतो. असला माल बसमध्ये गेला तर बस बर्नबीच्या चढावर उभी राहील, आणि आमची कंपनी तिच्यामागे.

डेल टेबलाशी आला. एरवी या सुपरवायझरच्या तोंडाला कुलूप नसतं, सारखी थट्टा. आज मात्र सरळ म्हणाला, "नोरीन, आज काही वेगळं केलंस का?"

"हो. हसत आले कामाला."

हसला नाही मेला.

१५ जानेवारी

डोळे.

१७ जानेवारी, शुक्रवार

फिल्टर बदलले. शाई नवी घोटली. वाळवणीच्या पंख्याचं ग्रीस बदललं. काही उपयोग नाही.

फरझानेने सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवलं. ही आमच्या लॅबची डॉक्टर, वयाने माझ्या मुलीएवढी, इराणी, बोलताना हात थांबत नाहीत. म्हणाली, "सिलिकॉन आहे. अगदी कणभर, पण कुठून तरी येतंय. हँडक्रीम, केसांचं काही, कपडे मऊ करायचं पाणी — असल्या मऊ करणाऱ्या गोष्टींत असतं ते. साबणाने धड जातही नाही. बोटावरून हातमोज्याला, हातमोज्यावरून रोलला. मग शाई तिथे बसतच नाही, बाजूला सरकते."

लूझ पाठीमागून ओरडली, "म्हणजे आम्ही बायकांनी मऊ व्हायचंच नाही का गं?"

कॅन्टीन हसून लोटपोट. लूझ माझ्या शेजारच्या यंत्रावर असते. मनिलाहून आली तेव्हापासून, म्हणजे कधीची. हिवाळ्यात तिच्या हातांना भेगा पडतात, रक्त येतं. तरी पान्सित, तिकडच्या शेवया, करून आणते सगळ्यांना.

क्रीम, पावडर, अत्तर आम्हाला पहिल्यापासून बंद. मला कसली भीती! लिपस्टिक लावली ती माझ्या लग्नात, तीच शेवटची.

मग डेल उठला. महिना संपताना बसवाले बघायला येणार. तोवर डोळे गेले नाहीत तर लाईन बंद. सरळ सांगितलं. कोणी हसलं नाही मग.

१९ जानेवारी, रविवार

पाऊस. नवरा, गॉर्ड, सोफ्यावर, हॉकीत आमचे कनक्स हरतायत, त्याला शिव्या द्यायला तेवढंच निमित्त.

आरशात छातीवरचा व्रण बघितला. आधी दोरीसारखा फुगलेला होता, आता बसत चाललाय. नर्स म्हणाली होती, हे मलम सकाळ-संध्याकाळ चोळ, व्रण मऊ पडेल, खेचणार नाही. खरंच खेचत नाही. नवीन वर्ष लागल्यापासून लावतेय. सकाळी निघताना लावते आणि हात स्वच्छ धुते.

गॉर्डने विचारलंच. "कामावर सांगणार कधी?"

"कधीच नाही."

"अगं, पण—"

"कधीच नाही म्हटलं ना!"

ऑपरेशनला सुट्टी घेतली तेव्हा कॅमलूप्सला बहिणीकडे चाललेय म्हणून सांगितलं होतं. गाठ वाईट निघाली नाही. पण विसरून जावी अशीही नाही, दर काही महिन्यांनी दाखवायची. आई याच रस्त्याने गेली. आणि आमच्या लाईनवरच्या ब्रेंडाचं काय झालं ते बघितलंय मी. आजारी पडली तर सगळे जेवणाचे कॅसरोल घेऊन दारात, डोळ्यांत पाणी. बरी होऊन आली तर हिला पॅकिंगला उभी केली. "तुला झेपणार नाही गं आता." मला दयाही नको आणि पॅकिंगही नको.

भीती वाटते. इथे तरी लिहून ठेवते.

२१ जानेवारी

डोळे. जास्तच.

नवा रोल चढवायचा होता. माझा उजवा हात पूर्ण वर जात नाही अजून. काही तरी कारण काढणार होते, तेवढ्यात लूझ आलीच. मला कोपराने बाजूला सारलं, रोल उचलला आणि बसवला. "तू नुसती उभी राहा राणीसारखी!" असं ती बरेच दिवस करतेय, हे आज लक्षात आलं. एकदाही विचारलं नाही तिने, काय झालंय म्हणून.

२३ जानेवारी, गुरुवार

वाईट दिवस.

डेलने सगळ्यांची कपाटं उघडायला लावली. लाज वाटत होती त्यालाही, बघतच नव्हता कोणाकडे. लूझच्या कोटाच्या खिशात क्रीमची चपटी डबी निघाली. मुलीने ख्रिसमसला दिलेली.

"बसस्टॉपवर लावते मी! घरी जाताना! आत येताना कधीच नाही, देवाशपथ!" मग माझ्याकडे वळली. "नोरीन, सांग ना यांना! तू असतेस ना माझ्याबरोबर!"

मी म्हटलं, "मी तिला लावताना बघितलं नाही."

खरं तेच बोलले. पण आवाज इतका बारीक निघाला, की असं वाटलं जणू काही लपवतेय. लूझने माझ्याकडे असं बघितलं की बस. डेल म्हणाला, चौकशी होईपर्यंत घरी बस. ३१ तारखेला युनियनच्या माणसासमोर चौकशी. लूझने कोट घातला, जेवणाचा डबा विसरली, परत आली, डबा घेतला आणि गेली. भेगाळलेल्या हातांनी बटणं लागत नव्हती.

तिच्या पगारावर मनिलात किती जण जेवतात, ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

२४ जानेवारी

आज तपासणी, हॉस्पिटलमध्ये. डेलला दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं. गाठ-बिठ काही नाही. डॉक्टरीणबाई खूश. "व्रण छान मऊ झालाय," म्हणाली. गॉर्ड गाडीत चक्क रडला, आणि वर म्हणतो सर्दी झालीय.

मला मात्र आनंद होईना. सारखा लूझचा चेहरा.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळी गेले तर डोनटचे खोके! डेलने मला मिठीच मारली. शुक्रवारचा रोल स्वच्छ — एकही डोळा नाही. "बघितलंस? ती गेली आणि डोळे गेले."

मी मान हलवली. हो, हलवली. एवढंच नाही, लूझचा रागही आला मला. आम्हा सगळ्यांच्या पोटावर पाय, आणि वर देवाशपथ! डोनट खाल्ला आणि कामाला लागले.

दुपारी रोल टेबलावर टाकला. डोळेच डोळे.

डेल पांढराफटक पडला. "तिचंच उरलंय कुठे तरी. घासा सगळं."

२८ जानेवारी

रोलर, कडा, टेबल, दाराच्या मुठी — हात गळून पडेपर्यंत घासलं. तरी डोळे. फरझानेही आता हात हलवत नाही, नुसती खुर्चीत बसून असते.

घरी आले तर लूझचा फोन. "परत आलेत ना? लाईनवरच्या शाँतेलने सांगितलं मला."

"हो."

"मग मी नाही ना, नोरीन! मी तर इथे घरी बसलेय. मग मी कशी?"

दुपारी डेलला हेच म्हटलं होतं मी. तर म्हणतो, "एका डबीतलं महिनाभर पुरतं, फरझानेला विचार." त्याला कोणी तरी सापडायला हवं होतं, आणि सापडलंय. चौकशीत लूझ जाणार, हे सगळे धरूनच चाललेत. लूझ फोनवर बराच वेळ नुसती रडत होती, आणि मी रिसीव्हर धरून उभी. माझ्या हातात काहीच नाही. काहीच नाही!

व्रणाचं मलम सकाळीच संपलं. औषधांच्या दुकानात विचारलं तर म्हणे मागवावं लागेल, सोमवारी या. त्यालाही आत्ताच संपायचं होतं.

२९ जानेवारी

व्रण दिवसभर खेचत होता. चिडचिड. गॉर्डवर उगाच ओरडले.

डोळे आहेत, पण कमी. खूपच कमी. फरझाने म्हणते घासल्यामुळे. असेल बाई.

३० जानेवारी, गुरुवार

स्वच्छ. अख्खा रोल काळाभोर, कुठूनही उजेड नाही. डेल नाचला टेबलाभोवती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि मग हात तसेच राहिले.

मलम परवा सकाळनंतर लावलंच नाही मी. आणि तो आधीचा स्वच्छ शुक्रवार — मी हॉस्पिटलात होते.

उद्या लूझची चौकशी. त्या मऊ करणाऱ्या मलमाची रिकामी ट्यूब कचऱ्यातून काढून पर्समध्ये ठेवलीय. डेलसमोर, युनियनवाल्यासमोर, लूझसमोर टेबलावर ठेवायची, आणि ती कशासाठी लागते ते सांगायचं.