चित्र स्वच्छ येतंय

४ ऑक्टोबर, सोमवार

पोचले. सामानही पोचलं. कपबशांच्या खोक्यातली एकही बशी तडकली नाही, याचं श्रेय माझ्या बांधणीला, हमालांना नाही.

मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून जन्म गेला. राहायला दोन खोल्या होत्या, त्याही वसतिगृहाच्याच. निवृत्त झाले तशा किल्ल्या परत केल्या. मुली पाठीमागे मला ‘शिट्टी’ म्हणायच्या, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आज पहिल्यांदा असं दार लावलं, की ज्याच्या पलीकडे कुणी कुजबुजत नव्हतं. बरं वाटलं.

धाकटी थांब्यावर येऊन उभीच होती. बहिणीने मिठी मारावी ती किती? शेवटी चष्मा फुटेल म्हणून दटावलं तेव्हा सुटका झाली. मेहुणे माझ्याहून वयाने थोर, तरी मला ताई म्हणतात. त्यांनी मला पिशवीसुद्धा उचलू दिली नाही.

घर गल्लीच्या टोकाला, चढावर. बाकी गाव खाली खळग्यात, कढईच्या तळाशी बसल्यासारखं. गच्चीवरून लांबच्या डोंगरावरचा प्रक्षेपण केंद्राचा मनोरा दिसतो. घर धाकटीच्या सासूबाईंचं. त्या गेल्या वर्षी लेकीकडे राहायला गेल्या, तेव्हापासून रिकामंच होतं. धाकटीने तावदानं पुसून ठेवली होती, माठ भरला होता, उशीला नवा अभ्रा होता. म्हणाली, ताई, आता इथून कुठे जायचं नाहीस. मी म्हटलं, जायला जागा तरी कुठे उरली आहे? दोघी हसलो.

६ ऑक्टोबर, बुधवार

गच्चीवर माशाच्या काट्यासारखा अँटेना आहे, मनोऱ्याकडे तोंड करून. खाली पाहिलं तर प्रत्येक छपरावर तसाच काटा, पण त्या सगळ्यांची तोंडं माझ्या घराकडे. रांगेत उभ्या राहून एकाच बाईकडे बघणाऱ्या मुलींसारखी.

अँटेनावाला तार तपासायला आला होता. त्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. त्याचं म्हणणं असं, की प्रादेशिक केंद्राच्या लहरी सरळ येतात आणि गावाच्या डोक्यावरून निघून जातात. लागतात त्या एवढ्या एका घराला, आणि इथून खाली उतरतात. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकले आहे. त्याला जमाना झाला, पण अँटेना नुसता घेतो, देत नाही, एवढं आठवतं. खाली पाठवायला यंत्र लागतं. ते कुठे आहे, असं विचारलं. म्हणाला, आहे ना, परवाच आलं. कुठे ठेवलं आहे विचारलं, तर म्हणे बाई, तुम्ही निवांत राहा, तुम्हाला काही म्हणता काही करायचं नाही.

अर्धवट उत्तरांचा मला राग आहे. चहा मात्र दिला.

९ ऑक्टोबर, शनिवार

माणसं फार चांगली आहेत. इतकी चांगली माणसं एके ठिकाणी मी पाहिलेली नाहीत. वाणी बिस्किटांचा पुडा घेऊन चढ चढून आला. त्याची मुलगी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत आहे, महिनाअखेरीला अंतिम फेरी. बिचारा, मुलीबद्दल बोलताना पुड्याचा कागद कुरतडत होता. शिंपीण येऊन पडदे शिवून देते म्हणाली. न्हाव्याने गल्लीतूनच हात जोडले. सगळ्यांचं एकच पालुपद, की तुम्ही आलात आणि चित्र आलं.

माझा टीव्हीशी संबंध बातम्यांपुरता. पण धाकटीने समजावलं. जुन्या टीव्हीचं बरं होतं म्हणे. सिग्नल कमी पडला तरी नुसत्या मुंग्या यायच्या, आणि मुंग्यांतूनही माणूस ओळखता यायचा. आता हा डिजिटल डबा आल्यापासून अधलंमधलं काही राहिलं नाही. चित्र आरशासारखं स्वच्छ येतं, नाही तर त्याचे चौकोन पडतात आणि पडदा काळा होतो. गेलं वर्षभर गावाने काळा पडदाच पाहिला.

मला खुशामत आवडत नाही. तरी बिस्किटं गोड लागली.

१३ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी बातम्यांच्या वेळी धाकटीकडे उतरले. उंबरठ्यात पाऊल टाकलं आणि बातम्या देणाऱ्या बाईचा जबडा कानाकडे सरकला. चौकोन पडले. मग काळं. मेहुण्यांनी रिमोट हातात धरून माझ्याकडे पाहिलं. टीव्हीच्या आड उभं राहिलेल्या माणसाकडे बघतात तसं. मी तर दारात होते.

धाकटी लाडाने म्हणाली, ताई, तू वर जा ना गं, बातम्या संपेपर्यंत. मी थट्टा समजले. तिने मला कोपरापाशी धरून गल्लीपर्यंत आणून सोडलं. वर पोचून कडी काढली तेव्हा खालून बातम्यांचा आवाज चालू झाल्याचं ऐकू आलं.

योगायोग.

१६ ऑक्टोबर, शनिवार

योगायोग नाही. वाचनालयात जायला निघाले. न्हाव्याच्या दुकानातला टीव्ही मी समोरून जाताना बंद पडला. तो वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला आणि गोड बोलत वळणापर्यंत परत पोचवून गेला. अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईकही बरोबर. म्हणाले, ताई, ऊन आहे, कशाला उतरता? काय हवं ते सांगा, वर आणून देऊ.

पोस्टाकडे निघाले, तर शिंपीण आडवी आली. दूध आणायला निघाले, तर दूध घेऊन दूधवालाच समोर.

मुलींना दाराबाहेर जाऊ न देण्याच्या सगळ्या तऱ्हा मला येतात. त्यातली गोड तऱ्हा कधी वापरायची, तेही येतं.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी चहाचं आधण ठेवलं. आणि मी गच्चीवर होते.

मधलं काही नाही. झोप नाही, चक्कर नाही, जिना चढल्याचं आठवत नाही. खाली आले तर पातेलं कोरडं पडून काळं झालेलं. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, वय झालं की असं होतं, विश्रांती घ्या, घराबाहेर पडू नका. त्यांच्या मागे टीव्ही चालू होता. स्वच्छ ऐकू येत होता.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

आज तीनदा झालं. भाजी चिरत होते. मग भाजी शिजलेली होती.

विंचरताना आरशासमोरून मान वळवली. आरशातली मान वळली नाही. ती समोरच बघत राहिली, मग गालाचा एक चौकोन सरकला, आणि मग एकदम बरोबर झालं. फणी टाकून मी किती तरी वेळ भिंतीला पाठ लावून उभी होते.

मी घाबरट नाही. हे लिहून ठेवते आहे, कारण लिहिलेलं जागच्या जागी राहतं.

२३ ऑक्टोबर, शनिवार

धाकटी जेवणाचा डबा घेऊन आली. मी तिच्या सासूबाईंचा फोन नंबर मागितला. लेकीकडे फोन लागत नाही म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, तर त्या आश्रमात असतात म्हणाली. खोटं बोलणाऱ्या मुलीला दोनदा विचारायचं असतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा डब्याचं झाकण धरून रडायला लागली, आणि सगळं सांगितलं.

सासूबाई कुठे गेल्याच नव्हत्या. याच घरात होत्या. शेवटी शेवटी कधी दिसायच्या, कधी दिसायच्या नाहीत, मग नाहीच. लहर माणसावर पडते आणि माणसातून उतरते. नुसत्या घराचा, नुसत्या अँटेनाचा उपयोग नाही. आणि घर यांचं, म्हणून माणूस देणं यांच्याकडे. सासूबाईंच्या मागून पाळी तिची होती.

मी म्हटलं, म्हणून मी.

तर म्हणते, तुला कोण आहे गं ताई? मला मुलं आहेत, नवरा आहे. तुला तिकडे निवृत्त झाल्यावर कुत्र्याने तरी विचारलं असतं का? इथे गावच्या गाव तुझं नाव काढतं. आणि दुखत नाही म्हणे. सासूबाई कधी कण्हल्या नाहीत.

गोगलगाय, पोटात पाय. आई गेल्यावर तिची वेणी घातली ती मी, कॉलेजला पाठवली ती मी. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. कापताना हात किती हळुवार!

आणि कशापायी? कुणाच्या दुखण्यासाठी नाही, कुणाच्या भुकेसाठी नाही. हवामानाच्या बातम्या, आणि रात्री जेवताना लागणारी ती मालिका, जिच्यातली सून वर्षानुवर्षं एकाच जिन्यावरून पडते आहे. माझ्या बहिणीने मला एका मालिकेपायी दिलं.

डबा मी बाहेर ठेवला.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळच्या बसने जायचं ठरवलं. नुसती पर्स घेतली. गल्ली उतरत गेले तसे खिडक्यांमधले टीव्ही एकेक करून काळे पडत गेले. माणसं दारात आली. वाण्याच्या हातात तागडी, शिंपिणीच्या गळ्यात टेप. कुणी अंगाला हात लावला नाही. नुसते म्हणत होते, ताई, कुठे निघालात? ताई, गाणी चालू होती हो. एक म्हातारी तर म्हणाली, बाई गं, आमचा एवढाच तर विरंगुळा.

मी मान वर करून चालले. बस आली. दांडा धरला. पायरीवर पाय ठेवला

स्वयंपाकघर. हे स्वयंपाकघर. एका पायात चप्पल आहे. पर्स नाही.

२८ ऑक्टोबर

वार कोणता ते धाकटीच्या डब्यावरून कळतं. डबा घेते आता. भूक लागल्याचं आठवत नाही, पण डबा रिकामा असतो.

खालचं चित्रही अडखळतंय. कारण मी. माझ्यात आता सलग असं थोडंच उरलंय. अँटेनावाला कंपाउंडापाशी उभा राहून मेहुण्यांशी बोलत होता, रविवारपर्यंत टिकलं पाहिजे म्हणत होता. माझ्याबद्दल. माझ्याकडे न बघता.

वाणी फाटकाशी येऊन रडला. पोरीची अंतिम फेरी आहे ताई, फक्त रविवार. मी म्हटलं, तुम्ही बघितलं नाही म्हणून तिचा सूर चुकणार आहे का? तो म्हणाला, बापाने बघायचं नाही तर कुणी?

त्याचं चूक नाही, असं मला वाटलं. वाटलं म्हणूनच जास्त भीती

२९

आधी हात दिसतो. मग लिहिलेली ओळ दिसते. मधलं लिहिणं नाही.

आरशाला चादर बांधली.

धाकटीचा निरोप. लांबची एक आत्या एकटीच असते, तिला तू बोलावून घे, तुझ्या शब्दावर येईल, मग तुला उतरता येईल. चिठ्ठी, पेन, पाकीट, सगळं डब्यात. भाजीखाली.

नाही. हे मी करणार नाही. चिठ्ठी चुलीत

३०

ठरलं. उद्या कार्यक्रम सुरू व्हायच्या आत अँटेना उतरवायचा. पाना मिळाला. अँटेना गेल्यावर मी पुन्हा सलग होईन की विझेन, ते माहीत नाही. पण कुणाचा विरंगुळा म्हणून तर नाही. एवढं माझं मला

३१ ऑक्टोबर, रविवार

गच्ची. ऊन अजून आहे. नट गंजलेला. एक निघाला. दुसरा

धाकटी आली. पान्याला हात लावला नाही. कठड्याशी माझ्याजवळ बसली, माझा डावा हात हातात घेतला. तळवा गरम. रस्ता ओलांडताना मी तिचा धरायची तसा. म्हणाली, ताई, मी आहे ना इथे. मला रडू आलं. मला! पाना खाली ठेवला.

तिने हात धरल्यापासून तुकडे पडत नाहीत. बघ, किती सलग लिहिता येतंय. उजवा हात मोकळा आहे, वही मांडीवर आहे. काही झालं तरी बहीण ती. पोटात तुटलं असेल, म्हणून आली. मी तिला म्हणणार आहे, की आपण दोघी मिळून हा काढू आणि

ती माझ्याकडे बघत नाहीये.

खाली बघते आहे. तिच्या घराच्या खिडकीकडे.

हात सोडवायचा आहे. उठायचं आहे. उठण्याचा तुकडा सापडत नाही—

तिने माझ्या हनुवटीखाली बोटं धरली. मान वळवली. हळूच. उजवीकडे.

खालून मेहुणे ओरडताहेत. गेलं! गेलं! अगं, जरा डावीकडे—

परत वळवते आहे. किती हळू. किती जपून—

अजून थोडं, म्हणताहेत. अजून— आलं! आलं! स्वच्छ आलं! आता हलवू नकोस, तिथेच ध