काकींचा विसराळूपणा

सर, विद्यार्थी मंडळाचा चिटणीस म्हणून तुम्ही मला नेमलंत तेव्हा मी आठवीत होतो. वक्तृत्व स्पर्धेला बाहेरगावची मुलं यायची, अगदी मिठबावपासूनची. त्यांना फुकट जेवू घालायच्या त्या बंदराजवळच्या खानावळवाल्या काकी. त्यांच्यावाचून स्पर्धा झाली नसती. तुमचं सांगणं असं, की मदत मागायला जातो तसं स्पर्धा कशी झाली ते सांगायलाही जायचं, आणि एखाद्या वर्षी मदत नको असेल तर तेही आधी, स्वतः जाऊन. मी तुमच्यामागे त्यांच्या पडवीत बसलो आहे. काकी विचारतात, "मिठबावचो तो बारीक झील जिकलो काय?" हरला म्हटल्यावर म्हणतात, "माज्याकडे जेवान सुस्तावलो आसतलो." तुम्ही हसता.

मी नववीत गेलो त्या वर्षी पुलाच्या कामावर आलेल्या कंत्राटदाराने सगळा खर्च उचलला. जेवणही त्याच्याच बंगल्यावर. तुम्ही म्हणालात, "आधी काकींना सांगून ये." मी निघालो. वाटेत कंत्राटदाराने जीप थांबवली. "चल, तारकर्लीपर्यंत चक्कर मारू." मी तोवर जीपमध्ये बसलो नव्हतो. परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. "सांगून आलास ना?" तुम्ही विचारलंत. मी हो म्हणालो. सकाळी जाईन असं मनात होतं. सकाळी स्पर्धेचे पाहुणे आले आणि ते राहिलं.

दुपारी काकींचा निरोप आला, पोरां खंय रवली, भात निवता. तुम्ही मला घेऊन गेलात. पडवीत पत्रावळी मांडलेल्या, आत कढीची मोठी टोपं. "वयनी, ह्या झिलान तुमका येवन सांगल्यान ना?" तुमच्या आवाजात राग नव्हता, त्यांच्याबद्दल थोडी कीव होती. काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "व्हय मास्तरानू," त्या म्हणाल्या, "माज्याच ध्यानात रवाक नाय. वय झाला आता."

पुढच्या वर्षी पूल पुरा होऊन कंत्राटदार गेला आणि आपण पुन्हा त्यांच्या पडवीत. तुम्ही त्यांना स्पर्धेचा दिवस पुन्हा पुन्हा सांगत होता, मोठ्याने, सावकाश. तुमचं पाहून इतरही तसंच बोलू लागले. उधारीवर जेवणारा एक जण माझ्यादेखत म्हणाला, "काकी, पैसे काल दिलंय, तू इसारलंस." त्याने दिले नव्हते. त्या क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग खरोखरच आठवू लागल्या. मी तिथेच होतो. पुढे तुम्ही वारलात तेही त्यांना विसराळूच समजून.

हे पत्र टपालात पडणार नाही. खरं तर ते काकींना लिहायला हवं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही रागावून झाल्यावर मला माफ केलं असतंत. त्यांचं मला माहीत नाही. पूल पुरा झाला त्या वर्षी स्पर्धा संपल्यावर मी त्यांच्याकडे शेवटच्या पंगतीला बसलो होतो. त्यांनी न विचारता मला पुन्हा कढी वाढली. मी पोटभर जेवलो.