बुटाची नाडी

मंगळवार, ४ जून

भावोजी,

तुमची चिठ्ठी मिळाली. मी ठीक आहे. ड्रायव्हरबरोबर पाठवलेली फळं त्याच्याच हाती परत केली आहेत.

काल तुम्ही त्या पकडलेल्या चोराचा फोटो माझ्यापुढे टाकलात. "वहिनी, फक्त हो म्हणा. दादाचा बदला आजच घेतो."

"आणि खटला?"

"खटल्याला वर्षं लागतात. गोळीला नाही."

मी विचार करून कळवते म्हणाले होते. कळवते. तो माणूस मी कधी पाहिलेला नाही. माझ्या होकारावर त्याला मारू देणार नाही.

आता दुसरं. कंबर गेल्यापासून यांना वाकता येत नव्हतं. बूट मीच बांधायचे. "एवढे आवळू नकोस, गुन्हेगार मी नाही," हे रोजचं. बाहेर कुठेही ते बूट काढत नसत. परत बांधणार कोण? काढायचे ते फक्त तुमच्या घरी. निघताना धाकटा भाऊ बांधून द्यायचा, याचं त्यांना केवढं कौतुक!

तुमच्या ठाण्यातला जप्तीचा माल कोणी विकला, हे चौकशीत सांगायला ते त्या दिवशी निघाले. गोदामापाशी चोराने गोळी घातली, असं तुमचा अहवाल म्हणतो. दादाशी महिनाभर भेट नव्हती, असं तुम्ही म्हणता.

दवाखान्यातून बूट गाठीसकट ओढून काढलेले आले, पण ती माझी गाठ नव्हती. दुहेरी फास, टोकं आत खोचलेली. सोबतचे मोजे रक्ताने माखलेले, बुटांवर मात्र एक थेंब नाही. काल माझ्या दारात बसून तुम्ही स्वतःचे बूट बांधलेत, तेव्हा मी मागे उभी होते. डावखुऱ्या लेकाला सासूबाईंनी शिकवलेली तीच गाठ.

गोळी कोणी घातली, मला माहीत नाही. मेलेल्या भावाच्या पायात बूट कोणी चढवले, ते माहीत आहे. इतक्या घाईतही तुम्ही नाडी नीट बांधलीत, भावोजी. सवय.

घराची झडती घ्यायला माणसं पाठवू नका. बूट आज सकाळी चौकशीच्या न्यायाधीशांपुढे ठेवले, गाठ न सोडता. माझा जबाबही सहीनिशी दिला आहे. मला काही झालं तर तो तसाच राहील.

बदला तुम्हाला हवा होता. मला तुम्ही पिंजऱ्यात उभे असलेले हवे आहात, जिवंत.

दरवेळी पत्राखाली आशीर्वाद लिहायचे. आज लिहीत नाही, आणि विसरलेलेही नाही.

तुमच्या दादाची बायको