फुजेरचा किल्ला खाली आहे

दुबई सिलिकॉन ओएसिस,
शुक्रवार, शाळेतून आल्यावर

प्रिय तनिष,

तुझा मेसेज तीन वेळा येऊन गेला. दोनदा "आई, पिक्स?" आणि तिसऱ्यांदा नुसतंच प्रश्नचिन्ह. फ्रान्सची सहल तूच आम्हाला दिलीस, तेव्हा फोटो मागायचा तुला पुरता हक्क आहे. पण फोटो थोडेच आहेत, आणि का ते फोनवर सांगण्याजोगं नाही, म्हणून कागद घेऊन बसले. तू मराठी अडखळत वाचतोस हे मला ठाऊक आहे. रास अल खैमाच्या घरात तुला बाराखडी गिरवायला बसवायचे तेव्हा तू कसा पाय आपटायचास ते आठव आणि आता मुकाट्याने वाच. अडलं तर करेनला विचार, वसईच्या माहेरामुळे तिचं मराठी तुझ्यापेक्षा केव्हाही बरं. आधीच सांगून टाकते, म्हणजे धडधडत्या छातीने वाचणार नाहीस: बाबा समोर सोफ्यावर बसून कलिंगड खातायत, आणि आम्ही दोघं ठीक आहोत.

बाबांच्या पासपोर्टची कॉपी तू मागितलीस, तीही मी पाठवलेली नाही. डिसेंबरात बाबांनी एकट्यांनी टोरांटोला यायचं, जानेवारीत करेनने कामावर रुजू व्हायचं आणि दोन वर्षांच्या देवांशला दिवसभर आजोबांनी सांभाळायचं, हे आपलं ठरलेलं. माझी शाळा मार्चअखेरपर्यंत सोडत नाही, म्हणून मी मागून यायचं. हे सगळं लक्षात आहे माझ्या. तिकीट मात्र अजून काढू नकोस.

तू म्हणाला होतास, पॅरिस आणि स्वित्झर्लंड करा. पण तुझ्या बाबांना डोंगर दाखव, तलाव दाखव, त्यांचा जीव शेवटी किल्ल्यातच अडकणार. सिरॅमिक फॅक्टरीत तीस वर्षं टाइल्स भाजून रिटायर झाल्यावर त्यांनी करायचं काय, हा मला पडलेला प्रश्न त्यांनी लॅपटॉप उघडून सोडवला. फुजेर नावाचं एक गाव शोधून काढलं आणि मार्चपासून रोज रात्री जेवताना मला त्याचा इतिहास-भूगोल शिकवायला घेतला. फ्रान्सच्या पश्चिमेला समुद्रात शिरलेला जो भाग आहे तो ब्रिटनी. तिथे पूर्वी वेगळा ड्यूक राज्य करायचा, पूर्वेला फ्रान्सच्या राजाचा मुलूख, आणि उत्तरेला नॉर्मंडी, जी कधी इंग्लंडच्या राजाची तर कधी फ्रान्सची. या सगळ्यांच्या सीमेवर हे फुजेर. म्हणजे भांडण कुणाचंही असो, पहिला तडाखा यांनाच. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाने त्यांचा लाकडी किल्ला पाडून टाकला, तर तिथल्या जहागीरदाराने थोड्याच वर्षांत तो दगडात पुन्हा उभा केला. मग पिढ्यान्‌पिढ्या एकेक बुरूज वाढत गेला, ते तेरा झाले.

सगळ्यात आवडती गोष्ट त्यांची वेगळीच होती. पंधराव्या शतकात इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात तह चालू होता, म्हणून गाव निर्धास्त झोपलं होतं, आणि इंग्रजांच्या बाजूचा एक भाडोत्री सरदार रात्री शिड्या लावून आत शिरला आणि त्याने गाव धुऊन नेलं. पुढे चाळीसेक वर्षांनी फ्रान्सच्या राजाच्या तोफांपुढे किल्ला आठवड्याभरात पडला, ब्रिटनी फ्रान्सला मिळाली, सीमाच पुसली गेली आणि किल्ल्याला काही कामच राहिलं नाही. गाव मात्र टिकून राहिलं, कातडं कमावून, कापड विणून, नंतर जोडे शिवून. "रिटायर झालेला किल्ला आहे गं, माझ्यासारखा," असं म्हणून ते हसायचे. तहाची ती गोष्ट एका रात्री त्यांनी मला भाताबरोबर सांगितली आणि ताक पिताना पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मी म्हटलं, अहो, सरदार एकदाच आला होता ना? ते म्हणाले, तुझी परीक्षा घेत होतो. मीही हसण्यावारी नेलं. आम्ही शिक्षक लोक एक धडा सात वर्गांना शिकवतो, त्यात नवल नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

ऑगस्टमध्ये आम्ही पॅरिस उरकलं, रेन शहरापर्यंत ट्रेन आणि पुढे बस. गावात शिरलो तेव्हा मी आपली मान वर करून किल्ला शोधतेय. आपल्याकडे गड म्हटला की नजर आधी वर जाते. बाबांना माझी मजा वाटली. मला हाताला धरून ते वरच्या गावातल्या चर्चमागच्या बागेत घेऊन गेले आणि म्हणाले, आता खाली बघ. आणि खरंच रे, गाव टेकडीवर आणि किल्ला खाली खोलगटात. असा किल्ला कुठे बांधतात का, असं मी म्हटल्यावर साहेब खुलले. नदी बघ कशी वळसा घालून गेलीय, तेव्हा भोवती सगळी दलदल होती, शत्रूने घोडे आणायचे कुठून आणि तोफा यायला अजून किती शतकं होती, वगैरे. दोन फ्रेंच म्हाताऱ्या आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं असेल हा इथला गाइड. मग कॉफी घेतली. तीन युरो, म्हणजे बारा-तेरा दिरहम, म्हणजे तीनशे रुपये, असा हिशेब बाबांनी मोठ्याने केला आणि एका कपात दोघं प्यायलो. तुला पाठवलेले दोन फोटो त्या दिवसाचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही खालच्या अंगाला उतरलो. किल्ल्याच्या पायाशी नदीवर जुन्या पाणचक्क्या आहेत, लाकडी चाकं अजून फिरतात. बाबांना तिथल्या बाकावर बसवलं आणि मी टॉयलेट शोधायला गेले. परत आले तर बाक रिकामा. त्यांचा फोन माझ्याच पर्समध्ये होता. आधी मला राग आला, कारण मला न घेता आत गेले असं वाटलं. तिकीट खिडकीवरच्या मुलीने चांगली मदत केली, तिने आतल्या माणसांना फोन लावला आणि सगळे बुरूज बघून झाले. मग मी खंदकाकाठी गेले, खालच्या चर्चमध्ये गेले, लाकडी चौकटीची जुनी घरं आहेत त्या चौकात दुकानादुकानात डोकावले. शेवटी मोरोक्कोच्या एका माणसाचं खाण्याचं दुकान लागलं. आयुष्यभर आखातात राहून मला जेवढं अरबी येतं तेवढं सगळं मी त्याच्यापुढे ओतलं. तो बिचारा दुकान पोराकडे सोपवून बाहेर आला आणि म्हणाला, "यल्ला, मदाम," म्हणजे चला. नदीच्या काठाकाठाने आम्ही चालत होतो. पाण्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि सारखी पाण्याकडेच बघत होते.

त्यानेच मला विचारलं की तुमच्या नवऱ्याला हे गाव माहीत आहे का. मी म्हटलं, इथल्या मेयरपेक्षा जास्त. किल्ला खाली आहे हे मला त्यांनीच तर काल दाखवलं, म्हणून मी खालीच शोधतेय. असं म्हणता म्हणता मी वाटेतच थांबले. कारण त्यांना कालचं आठवत असेल तर मी शोधत होते ते बरोबर होतं. पण आठवत नसेल तर? तनू, तुला नववीत असताना रास अल खैमातल्या धाया किल्ल्यावर नेलं होतं तेव्हा बाबांनी काय शिकवलं होतं ते आठव. वाट चुकली की घाबरायचं नाही, वर चढत राहायचं, गड वरच असतो. तरुणपणी सह्याद्रीत नव्या पोरांना ते हेच सांगायचे. मी त्या माणसाला म्हटलं, वर. तो म्हणाला, पण किल्ला इथे आहे. मी म्हटलं, वर चला.

चढण उभी आहे आणि माझे गुडघे तुला माहीतच आहेत. बागेत पोचले तर बाबा भिंतीपाशी बसलेले, स्वेटर काढून मांडीवर घेतलेला, चेहरा लाल. एका बाईने त्यांना पाण्याची बाटली दिली होती आणि ती शेजारी उभी होती. मला बघून म्हणाले, "उर्मिला, केव्हाचा चढतोय, गडच सापडेना." आणि समोर खाली सबंध किल्ला पसरलेला, तेराही बुरुजांसकट. मी त्यांच्याशेजारी बसले आणि रडले. तो मोरोक्कोचा माणूस "खलास, मदाम, खलास" म्हणजे झालं, संपलं, असं म्हणत राहिला आणि मग हळूच निघून गेला. त्याचे धड आभारही मानले नाहीत मी.

बऱ्याच वेळाने बाबांनी खाली पाहिलं आणि किल्ला ओळखला. मग स्वतःहूनच बोलायला लागले. म्हणाले, हे पहिल्यांदा झालेलं नाही. जानेवारीत ते गाडी घेऊन भाजी आणायला म्हणून निघाले आणि भानावर आले तेव्हा घरापासून पाऊण तासावरच्या उम्म अल कुवैनच्या समुद्राकाठी गाडीत बसले होते. कसे आलो, कशासाठी आलो, काही आठवेना. घर कुठे ते आठवेपर्यंत तसेच बसून राहिले. घरी आल्यावर मला ट्रॅफिक म्हणून सांगितलं आणि मी भाजी का आणली नाही म्हणून दोन शब्द सुनावले. त्यानंतर आणखी दोन-तीनदा. फुजेरचा इतिहास रोज घोकत होते तोही त्याचसाठी, डोकं चालतंय की नाही ते पडताळायला. आणि डिसेंबरचं? मी विचारलं. ते म्हणाले, तनिषला नाही म्हणायला तोंड उघडेना. पोराने एक गोष्ट मागितली, तीही जमत नाही असं कसं सांगू?

खरं सांगू का, त्या भिंतीपाशी मला दुःखापेक्षा सुटका जास्त वाटली. कित्येक महिने मी एक डोळा त्यांच्यावर ठेवून होते आणि ते मला कळू नये म्हणून धडपडत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण दोघांनी आपापली मूठ झाकून एका घरात राहणं फार दमवणारं असतं. संध्याकाळी आम्ही तिथल्या पातळ धिरड्यासारख्या गॅलेट खाल्ल्या, बाबांनी दोन संपवल्या, आणि मी कित्येक दिवसांनी रात्रभर झोपले.

इथे आल्यावर डॉक्टरांकडे जाऊन आलो. मल्याळी बाई आहेत, शांत. एमआरआय झाला, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द पाठ करायला दिले. मेंदूत गाठ नाही, स्ट्रोकही येऊन गेलेला नाही. ही भीती मी मनात घेऊन गेले होते, ती गेली. विसरण्याचा आजार आहे, सुरुवात आहे. गोळ्या दिल्यात. बरा होत नाही, पण बऱ्याचदा हळूहळू चालतो, आणि लवकर कळलं हे चांगलं, असं त्या म्हणाल्या. गाडीची किल्ली बाबांनी त्याच दिवशी स्वतः माझ्या हातात दिली. रिटायर झाल्यापासून ते माझ्या व्हिसावर आहेतच, आता माझ्या गाडीतही आले. शेजारच्या रुखसारला सांगितलंय, बिल्डिंगच्या सिक्युरिटीतल्या विघ्नेशला सांगितलंय. बाबा खाली उतरले की तो "अंकल, चाय पीने चलें?" म्हणून त्यांच्याबरोबर चालायला लागतो. बाबांना ते कळतं आणि ते चहा स्वतःच पाजतात. हसणं कमी झालेलं नाही घरात. उलट परवा मी त्यांना माझा चष्मा शोधायला लावला आणि तो माझ्याच डोक्यावर निघाला, तेव्हापासून पेशंट कोण यावर वाद चालू आहे.

आता हे पत्र का, ते. गेल्या शनिवारी तुझा फोन आला तेव्हा बाबा तुला हे सांगायलाच बसले होते. त्यांनी सुरुवातही केली होती. तू म्हणालास, "बाबा, चिल, आय फर्गेट स्टफ टू," आणि ते हसले आणि देवांश काय करतो ते विचारायला लागले. तुझी चूक नाही त्यात. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, तू लिही, लिहिलेलं त्याला थट्टेवर नेता येणार नाही. म्हणून लिहिते. डिसेंबरात ते येणार नाहीत. एप्रिलमध्ये आम्ही दोघं मिळून येऊ. देवांशसाठी डेकेअर बघा. आजोबांच्या मांडीवर त्याला खुशाल बसवा, त्यांच्या हाताने जेवू दे, किल्ल्यांच्या गोष्टी दोनदा ऐकाव्या लागल्या तरी ऐकू दे. पण पार्कात दोघांनाच पाठवू नका, कोपऱ्यावरच्या दुकानातही नाही, बाबांनी स्वतः हट्ट धरला तरी नाही. हे मी म्हणत नाही, तेच म्हणतायत. मला लिहायला बसवून त्यांनी एक वाक्य जसंच्या तसं लिहायला सांगितलंय: मी हरवलो तर कुणीतरी शोधून काढेल, पण देवांश माझ्या हातून सुटला, तर कुठे सुटला हे मला सांगता येणार नाही.

करेनला आणि त्या लबाडाला माझा पापा. वाचून झालं की लगेच फोन करू नकोस, आधी करेनजवळ थोडा वेळ बस.

तुझीच,
आई

तनिष, आईने लिहिलंय ते सगळं मी वाचलं. खरं आहे. रागावू नकोस. — बाबा