रविवारची गोळी

आगाशी

प्रिय आग्नेल,

हे पत्र पाठवणार नाही, म्हणूनच खरं लिहिते. मम्मीला मातीआड करून कॅनडाला परत जाताना तू विचारलंस, "तिला फार दुखलं का गं?" मी नाही म्हणाले.

कॅन्सर हाडांत उतरला होता. दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी होती. पण गोळीने झापड यायची, म्हणून रविवारी तुझा व्हिडिओ कॉल होईपर्यंत ती घ्यायचीच नाही. "पोराशी धड बोलू दे," म्हणायची. मीच पावडर लावून तिला उशीला टेकवून बसवायचे. तू म्हणायचास, "मस्त दिसतेस!"

शेवटच्या रविवारी तुझा फोन आलाच नाही. संध्याकाळी मी तिची मूठ सोडवली. गोळी घामाने विरघळली होती.

तुझी बहीण,
ज्युली